नावाची जागा

१

दर रविवारी चार वाजले की कमलाकांत ओटीवर चटई अंथरायचे आणि त्यांची मुलगी उन्नती आत चहाचं आधण ठेवायची. ठेवताना भांडं जरा आपटायचीच, बाहेर कळावं म्हणून. बाहेर कुणाला काही कळत नसे. बाहेर तीन वयस्क माणसं एका जुन्या टेपरेकॉर्डरपुढे बसणार, एकच गाणं तीन-चारदा ऐकणार, डोळे पुसणार आणि उठताना 'बरं वाटलं' म्हणणार, हे तिला आता पाठ झालं होतं.

उन्नती चोवीस वर्षांची. पालघरच्या कॉलेजातून केमिस्ट्रीत बीएस्सी झालेली, बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये कामाला. आठवडाभर मैत्रिणींबरोबर तिकडेच खोलीत राहायची आणि शनिवारी संध्याकाळी टमटममध्ये कोंबून घेऊन किनाऱ्यावरच्या दांडी गावाला घरी यायची. घरी बाबा एकटे. आई, दमयंती, जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून कमलाकांतांनी होडी चुलतभावाच्या हवाली केली होती, जाळी माळ्यावर चढवली होती आणि समुद्राकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली होती. जेवायचे, झोपायचे, विचारलं तर बोलायचे. जिवंत माणसाला लागतं तेवढं सगळं करायचे, त्याहून एक गोष्ट जास्त नाही. फक्त रविवारी दाढी करायचे.

उन्नतीनं मनाशी पक्कं केलं होतं की बाबांना इथून हलवायचं. बोईसरला दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या, पुढच्या महिन्यापासून. गॅलरी होती, खाली बाजार होता, चार माणसांचा आवाज होता. ती हे सगळं दर आठवड्याला नव्यानं सांगायची. कमलाकांत शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे.

"मंग रविवारचं काय?"

"रविवारी काय असतं बाबा? एक गाणं."

"तेच तर," ते म्हणायचे.

२

गाणं येसूबाईचं होतं. येसूबाई याच दांडीची धवलारीण. लग्नघरी हळदीच्या आधी धवले गायची, देवांना आवतण द्यायची आणि मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायची. तिनं नाव घेतलं की जमलेल्या बायका उत्तर द्यायच्या, 'आली गो आली'. पुरुष असेल तर 'आला'. नाव, हाक, उत्तर. मग पुढचं नाव.

एकतीस वर्षांपूर्वी पालघरच्या एका कॅसेटवाल्यानं तिला बोलावून नाचाची गाणी भरून घेतली. त्या तिघांतले धीरज गुरुजी, निवृत्त शिक्षक, ही हकिकत दर रविवारी सांगत, आणि बाकीचे दोघं दर रविवारी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत. नाचाची गाणी संपली, दुसऱ्या बाजूला पाच-सहा मिनिटांची पट्टी उरली. साथीच्या बायका शेवटची एसटी चुकू नये म्हणून निघून गेल्या होत्या. कॅसेटवाला म्हणाला, काहीतरी म्हणून टाका. येसूबाईनं आवतण लावलं. पण तिथं लग्न नव्हतं, घर नव्हतं. कोणाचं नाव घेणार? कॅसेटवाला म्हणाला, नावाची जागा कोरी ठेवा, नंतर तिथे वाजंत्री भरू. वाजंत्री कोणी भरली नाही. कॅसेट हळदीत नाचायला खपली, ती बाजू फारसं कोणी उलटून लावलीही नाही, दुकान बंद पडलं, येसूबाई गेली.

राहिलं ते असं.

*हळद वाटली, पाट मांडिला,*
*ये गो ये,*

आणि तिथे नाव नाही. चार-पाच सेकंद नुसती पट्टीची खरखर. मग, जणू कोणीतरी 'आली' म्हटलंय आणि ते ऐकून येसूबाईचं समाधान झालंय अशा स्वरात,

*मांडवाला ये.*

असं सहा वेळा.

तिघांतल्या ठकीमावशीनं हे गाणं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर एका टेम्पोवाल्याच्या टेपवर ऐकलं होतं, एकदाच, तिचा मुलगा मंगळ्या भट्टीवर दगावला त्या साली. त्यानंतर वीसेक वर्षं ती भेटेल त्या टेम्पोवाल्याला विचारत होती. गुरुजींना कॅसेट पालघरच्या भंगारवाल्याकडे सापडली, बायको गेल्यानंतर घर आवरताना रद्दी द्यायला गेले होते तेव्हा. गाणारी कोण म्हणून शोधत ते दांडीला आले आणि बंदरावर त्यांना कमलाकांत भेटले. मनोरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या ठकीमावशीला, टेम्पोवाल्यांकडून कळल्यावर, गुरुजींनीच गाठलं. आता ती पाड्यावरून दोन गाड्या बदलून यायची, पदराखालून कधी काकडी, कधी करांद्याचे कंद काढायची. गुरुजी कॅसेट रुमालात गुंडाळून आणायचे, अंडं आणावं तशी. जगात हे गाणं जीवापाड आवडणारी माणसं तीनच आहेत, याचा तिघांनाही अभिमान होता.

कोऱ्या जागेत तिघंही आपापलं माणूस मनात आणायची आणि हळूच 'आली', 'आला' म्हणायची.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उन्नतीही ओटीवर बसून राहिली होती. आवाजच तसा होता, रडवू न पाहणारा आणि म्हणूनच रडवणारा. ती उठून भांडी घासायला गेली. या म्हाताऱ्यांना दुःख कुरवाळत बसायला निमित्त हवं आहे, आपल्याला नको, असं तिनं स्वतःला बजावलं.

३

त्या रविवारी ती आत बोंबील साफ करत होती. गाणं कानावर पडतच होतं. हात लयीत चालला होता आणि मन आपोआप मोजत होतं, लॅबमध्ये थेंब मोजायची सवय झालेलं मन. एक, दोन, पाच, सहा. गाणं संपायला हवं होतं.

*ये गो ये,* येसूबाई म्हणाली. खरखर. *मांडवाला ये.*

सात.

आपण चुकलो, असं तिला वाटलं. दुसऱ्यांदा गाणं लागलं तेव्हा तिनं हातातला बोंबील खाली ठेवला. सातच.

कॅसेट कधी तुटेल याचा नेम नाही म्हणून तिनं मागेच ते गाणं फोनवर उतरवून ठेवलं होतं. परसात जाऊन लावलं. पाच मिनिटं चाळीस सेकंद, कोऱ्या जागा सहा. म्हणजे टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला असेल, मोटर हळू फिरत असेल. पण मोटर हळू फिरली तर गाणं लांबतं, त्यात कडवं वाढत नाही. आणि आवाज जाड व्हायला हवा. येसूबाईचा सूर तसूभर खाली उतरला नव्हता.

पुढच्या रविवारी ती फोनचं घड्याळ लावून बसली. सात मिनिटं वीस सेकंद. आठ जागा. नवं कडवं कुठलं ते ओळखायची सोय नव्हती, कारण सगळी कडवी एकासारखी एक होती आणि ज्यानं ती वेगळी झाली असती ते नावच त्यात नव्हतं.

चहा देताना तिनं गुरुजींना सांगितलं. आकडे सांगितले.

"गाणं ऐकायचं असतं बाळ, मोजायचं नसतं," गुरुजी म्हणाले. शाळेत छत्तीस वर्षं प्रश्न विचारणाऱ्या पोरांना गप्प बसवायची सवय असलेला माणूस. त्या 'बाळ'नं उन्नतीचं डोकं फिरलं. पण कप गोळा करताना तिला दुसरंच काही दिसलं आणि ती बोलायची थांबली. ओटी ऐसपैस होती, चटई चांगली आठ माणसांची होती, वर मरणाचा उकाडा. तरी तिघं एका कडेला गुडघे पोटाशी घेऊन दाटीवाटीनं बसली होती, एसटीत एकमेकांना सरकून जागा देतात तशी.

"नीट पसरून बसा की," ती म्हणाली.

"असूं दे," बाबा म्हणाले. "जागा लागते."

४

मंगळ्याचं नाव घेतल्याशिवाय ठकीमावशीचं एक वाक्य पुरं होत नसे. काकडी कापली तरी मंगळ्याला कशी आवडायची, पाऊस लांबला तरी मंगळ्या कसा म्हणायचा. उन्नतीला या मंगळ्याचा कंटाळा आला होता आणि त्या कंटाळ्याची थोडी लाजही वाटायची.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मावशी उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "माझा पोरगा अशा शेंगा कच्च्याच खायचा. तो आपला..." आणि थांबली. शेंग हातात तशीच.

"मंगळ्या," उन्नती आतून म्हणाली.

मावशीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ना दचकणं, ना ओशाळणं. "तो कोण?" तिनं विचारलं. उत्तराची तशी तिला घाई नव्हती. पुन्हा शेंगा सोलायला लागली, आणि गंमत म्हणजे ती खुशीत दिसत होती. गेल्या वर्षभरात उन्नतीनं तिला इतकं हलकं कधी पाहिलं नव्हतं.

वय झालं, उन्नतीनं स्वतःला समजावलं. साखर असेल. मनोरच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला हवं. आणि गुरुजींचं म्हणाल तर त्यांच्यावरून काही कळायची सोयच नव्हती. ते बायकोला कायम 'आमची ही' म्हणत. या पिढीतल्या पुरुषांनी बायकांची नावं घेतलीच कधी, की विसरली म्हणून ओळखावं? जिवंत असताना 'अगं', मेल्यावर 'आमची ही'. यावरून तिनं गुरुजींशी एकदा चांगलं भांडणही केलं होतं.

तिचे बाबा तेवढे तसे नव्हते. आख्ख्या आळीत बायकोला नावानं हाक मारणारा तो एकच माणूस. होडी किनाऱ्याला लागली की कमरेएवढ्या पाण्यातून ओरडायचे, "दमू, टोपली आण गो." लोक हसायचे. आई लाजायची आणि टोपली घेऊन पळायची.

बाबांच्या तोंडून ती हाक शेवटची कधी ऐकली, हे उन्नती आठवायला लागली. शेंगा सोलून झाल्या तरी आठवेना.

५

शनिवारी तिनं मुद्दाम एक फॉर्म आणला. रेशनकार्ड बोईसरला हलवायचा. खरं तर तिला सगळं माहीत होतं, तरी ओटीवर बाबांच्या समोर बसून तिनं पेन उघडलं आणि एकेक विचारत गेली. बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गाव, घर नंबर.

"आईचं नाव?"

"तुझी आई," कमलाकांत म्हणाले.

"हो, पण नाव. इथे लिहायचंय."

"तुझ्या आयशीचं." ते हसले. जीभ सैल सोडून थोडा वेळ थांबले, शोधत असल्यासारखे. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना आली असती तर उन्नतीला बरं वाटलं असतं. पण तिथे नुसता एक निवांत रिकामेपणा होता, भरती ओसरल्यावर पुळणीवर असतो तसा. मग त्यांना काही सुचलं. त्यांनी मान वळवली, चटईच्या मोकळ्या बाजूला, आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "अगो, सांग ना तिला. नाव इचारते."

ओटीवर दोघांशिवाय कोणी नव्हतं. दिवस होता, ऊन होतं, समोरच्या बांबूंवर शेजारणीचे बोंबील वाळत होते. उन्नतीनं त्या बाजूला पाहिलं. चटई होती. भिंत होती. पण बाबा नुसते बोलून मोकळे झाले नव्हते. ते उत्तराची वाट पाहत होते, आणि ती शांतता साधी नव्हती. चार-पाच सेकंदांची होती. सुरुवात आणि शेवट असलेली.

मग कमलाकांतांनी समाधानानं मान डोलावली, कोणी काही सांगितल्यासारखी.

"काय म्हणाली?" उन्नतीनं विचारलं.

"तिलाबी ठावं नाय," ते म्हणाले.

आई असती तर असं उत्तर दिलंच नसतं. आई असती तर आधी विचारलं असतं की पोरगी आठवडाभरानं आलीय आणि तू तिला नुसत्या पाण्यावर बसवलंयस का. तिथं जे कोणी होतं ते आई नव्हतं. उन्नतीनं खाली मान घातली आणि फॉर्मवर दाबून दाबून लिहिलं, दमयंती कमलाकांत तांडेल. कागद फाटतो की काय इतकं दाबून.

६

बुधवारी अर्धी रजा टाकून ती पालघरला गुरुजींच्या घरी गेली. कॅसेट मागून घ्यायची, नाही दिली तर हिसकावून घ्यायची, असं ठरवून गेली होती. भांडणाची वाक्यंसुद्धा रचली होती. दाराशी मात्र ती घुटमळली. दारावरच्या पाटीवर गुरुजींच्या नावाखाली त्यांच्या बायकोचं नाव होतं, तिनं मागच्या वेळी वाचलेलं. आता पाटीवर एकच ओळ होती. खालची जागा खरवडलेली नव्हती, रंगवलेलीही नव्हती. तिथे कधी काही लिहिलंच नसावं तशी गुळगुळीत होती.

गुरुजींनी दार उघडलं. कपाटातून रुमाल आणला आणि तिच्या हातात ठेवला.

"ने," ते म्हणाले. "आता तिची गरज नाही."

"गुरुजी, तुमच्या बायकोचं नाव काय होतं?"

ते दार लावता लावता थांबले. "फार गोड गाते ती," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

दुपारच्या पाळीला लॅबमध्ये ती एकटी होती. तिनं कॅसेट फोडली, पट्टी ओढून काढली आणि चंचुपात्रातल्या ॲसिटोनमध्ये बुडवली. काचेच्या कांडीनं ढवळत राहिली. पट्टीवरचा तपकिरी थर सुटायला लागला, तळाशी गाळासारखा बसला, आणि हातात आलं ते एक लांबच लांब कोरं, आरपार दिसणारं प्लॅस्टिक. आवाज म्हणजे एवढंच, गंजासारखी भुकटी. तिला कितीतरी दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

राहिलं फोनमधलं. पुसण्याआधी तिनं पाहिलं, पाच मिनिटं चाळीस सेकंद. जसंच्या तसं. हे तरी बदललेलं नाही, एवढी खात्री करून घ्यावी म्हणून तिनं वायर कानात घालून ते लावलं. चूक तिथे झाली. म्हाताऱ्यांच्या ऐकण्याला नावं ठेवणारी ती, आणि तपासल्याशिवाय तिलाच राहवेना.

*ये गो ये,* येसूबाई म्हणाली, आणि खरखर झालीच नाही.

*मंगळ्या,* तिनं म्हटलं. *मांडवाला ये.*

त्याच आवाजात, त्याच सुरात, एकतीस वर्षांपूर्वी म्हटलेलं असावं इतकं सहज. दुसऱ्या जागी एका बाईचं नाव होतं, पालघरच्या पाटीवर वाचलेलं. तिसऱ्या कडव्याची सुरुवात झाली तेव्हा उन्नतीनं कानातून वायर ओढायला हात उचलला. पण नाव वायरीच्या आधी पोचलं.

तिनं फोनमधून गाणं पुसून टाकलं. मग मोठ्यानं आईचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि तोंड तसंच राहिलं.

पर्समधून फॉर्म काढला. तिच्याच अक्षरात, दाबून लिहिलेलं होतं. तिनं वाचलं. अक्षरं लागली, शब्द नीट झाला, बाटलीवरचं लेबल वाचावं तसा. हे आईचं नाव, हे तिला कळत होतं, पाण्याचं सूत्र कळतं तसं. ते ऐकून टोपली घेऊन पळणारं माणूस मात्र त्या शब्दाला चिकटेना. तिनं तो शब्द पंचवीस-तीस वेळा म्हटला. पलीकडे पॅकिंगमधला बिहारी मजूर काचेतून बघायला लागला तेव्हा ती थांबली.

७

रविवारपर्यंत थांबायचं नाही, असं तिनं ठरवलं. पण कारखान्यात तपासणी निघाली, दोघी रजेवर गेल्या, आणि शेवटी रविवारच उजाडला. तिनं मिथुनचा छोटा टेम्पो ठरवला. मिथुन कारखान्याचा माल ने-आण करायचा, विश्वासाचा होता. बाबा, एक ट्रंक, आईचा फोटो आणि गॅसची शेगडी. बाकी सगळं इथेच राहू दे. गरज पडली तर बाबांना उचलून नेऊ, असं तिनं मिथुनला सांगून ठेवलं होतं, आणि तो हसला होता.

टेम्पो आळीच्या तोंडाशीच अडला. पुढे वाटेतच एक होडी दुरुस्तीला काढलेली होती. "मैं यहीं रुकता हूँ मॅडम," मिथुन म्हणाला. ती उतरून चालायला लागली. चार वाजून गेले होते. विहिरीपाशी पोचली तोच गाणं कानावर आलं.

कॅसेट नव्हती. फोनमध्ये नव्हतं. ते तिघं गात असतील, असं तिनं पावलागणिक स्वतःला सांगितलं. इतके महिने ऐकून त्यांचं पाठ झालंय, दुसरं काय. पण जवळ गेली तशी तिघांचे आवाज वेगळे ऐकू यायला लागले. गुरुजींचा घोगरा, मावशीचा चिरका, बाबांचा खालचा. ते तिघं फक्त 'आली' म्हणत होते. हाक घालणारा आवाज चौथा होता. आणि गाणं थांबतच नव्हतं. बंद करायला बटण नव्हतं, उलटायला बाजू नव्हती. कडव्यामागून कडवं, कडव्यामागून कडवं. आणि आता नावाची जागा पुन्हा कोरी होती.

ओटीचं दार सताड उघडं होतं. उन्हाचा पट्टा चटईपर्यंत आला होता. तिघं कडेला दाटून बसली होती, आणि मोकळ्या बाजूला, दाराकडे पाठ करून, कोणी बसलं होतं. गुडघे उभे, डोक्यावरून पदर. बाईमाणूस बसतं तसं, पण बसणं कोणाचंतरी पाहून शिकल्यासारखं, एक खांदा जरा जास्त वर. उन्नतीला पदराआडून फक्त गालाची कड आणि ओठांचा कोपरा दिसला. ओठ गाण्याबरोबर हलत नव्हते. गाणं एकीकडे चालू होतं आणि ओठ दुसरंच काही पुटपुटत होते, आवाज न करता, भराभरा, पाठांतराला बसलेलं पोर पुटपुटतं तसे. एकेका शब्दाला आकार बदलत होते. उन्नतीनं त्यातली दोन नावं ओळखली. तिसऱ्याला तिनं डोळे मिटले.

"बाबा," ती म्हणाली. "चला. टेम्पो आणलाय."

कमलाकांतांनी वर पाहिलं. दाढी गुळगुळीत केलेली, अंगात धुतलेला सदरा. इतका सुखी चेहरा तिनं आईच्या... इतका सुखी चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, दारात आलेल्या पाहुण्याकडे बघतात तसं, मान राखून.

"ये बाय," ते म्हणाले. "कोनाची गो तू?"

"बाबा, मी."

"व्हय, पन कोनाची?" त्यांनी ओशाळून इतरांकडे पाहिलं, ओळख पटली नाही तर यजमानाला वाटतं तसं अवघडल्यासारखं. "आवतण होतं का तुला?"

तिच्या मनात सगळं लख्ख होतं. आत्ता मागे फिरायचं, विहिरीपर्यंत पळायचं, टेम्पोत बसायचं. स्वतःचं नाव तोंडात घट्ट धरून ठेवायचं, बोईसरपर्यंत, जन्मभर. पण मग या ओटीवर तिच्या बापाला मुलगी नसणार. कधी नव्हतीच, अशा निवांतपणे तो इथे बसून राहणार. ती हात धरून ओढायला पुढे झाली. बाबांनी हात मागे घेतला. घाबरून नाही. अनोळखी पोरीनं हात धरला तर भला माणूस घेतो तसा.

*ये गो ये,* असा आवाज आला, आणि थांबला.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. पदराखालचं पुटपुटणंही थांबलं होतं. एक सेकंद गेला. दोन. बाबांच्या डोळ्यांत खरंखुरं कुतूहल होतं, आणि त्या सगळ्या घरात ते एकच तिच्यासाठी होतं. तीन.

तिनं नाव सांगितलं.

"छान नाव हाय," कमलाकांत म्हणाले. आपल्या गावच्या नसलेल्या कोणाच्या तरी मुलीचं नाव ऐकून म्हणावं तसं. मग त्यांनी गुडघे आणखी जवळ घेतले आणि शेजारी हातभर जागा करून दिली, त्यांच्या आणि त्या पदराच्या मधली. "बस."

ती बसली. बापाच्या दंडाला तिचा दंड लागला. तो ऊबदार होता, हे तिला कळलं.

*मांडवाला ये.*

"आली," तिघं म्हणाली.

कडव्यामागून कडवं होत गेलं. ऊन चटईवरून सरकून भिंतीवर चढलं. कधीतरी आळीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मग एक परका माणूस विहिरीपर्यंत चालत आला आणि तोंडाशी हात धरून मोठ्यानं ओरडायला लागला.

"उन्नती मॅडम... ओ उन्नती मॅडम, चलना है कि नहीं?"

"कोनाला हाका मारतोय तो?" कमलाकांतांनी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. सगळे दाराकडे बघायला लागले, कोण उठतंय ते पाहायला. तीही बघत राहिली.